बाय झाडात गेली

पाम गावात सुलू चुरीला ओळखत नाही असा माणूस त्या काळी शोधूनही सापडला नसता. याचं कारण तिचं शिक्षण नव्हे, की रूपही नव्हे. ती झाडावर चढायची, हे कारण. चांगली बावीस-तेवीस वर्षांची बाई, बालवाडीची शिक्षिका, आणि मुलं खेळायला लागली की पातळाचा काष्टा मारून ही आंब्यावर! रस्त्यानं जाणारा कुणी थांबून विचारायचा, "बाई कुठं गेली रे तुमची?" तर मुलं हातातलं काम न सोडता सांगायची, "बाय झाडात गेली." एखाद्याचा बाप कचेरीत जातो ना, तशी.

घिवलीकडे तिच्या वडिलांची वाडी होती. नारळ, चिकू, थोडी केळी. त्या वाडीत सुलू जमिनीवर कमी आणि फांदीवर जास्त वाढली. आई लवकर गेल्यामुळे तिला सांभाळायचं काम विजयाआत्याकडे आलं, आणि आत्यानं या झाडांपायी हाय खाल्ली. "अगं, पाहुणे तुला बघायला आले तर त्यांनी काय मान वर करून बघायचं?" असं ती कपाळावर हात मारून विचारायची. एकदा खरोखरच तसं झालं. पाहुणे ठरल्या वेळेच्या आधी आले आणि पोरगी चिकूच्या शेंड्यावर. मुलाच्या बापानं वर पाहिलं, खाली पाहिलं, चहा घेतला आणि निरोप नंतर कळवतो म्हणाला. तो निरोप काही आला नाही. आत्या चार दिवस जेवली नाही म्हणायची, पण मला विचाराल तर जेवत असावी, कारण पाचव्या दिवशीही ती तेवढीच गरगरीत होती.

पुढं सुलूनं बालवाडीचं शिक्षण घेतलं आणि पामला नेमणूक मिळाली. शिकवणाऱ्या बाईंनी तिला एकच गोष्ट परत परत सांगितली होती. मुलांकडे बघत जा. मूल रमलंय का, आपणहून काही करतंय का, हसतंय का, दुसऱ्या मुलाशी त्याचं जमतंय का, एवढं बघितलंत तर शिकवायचं काय ते आपोआप कळेल. सुलूला हे फार पटलं. पण मूल म्हणजे काही चिकू नव्हे, की आपण बघत राहिलो तरी तो आपला तसाच लटकत राहील! सुलू जवळ जाऊन उभी राहिली की लगेच हाताची घडी, तोंडावर बोट. तीन-चार वर्षांची पोरं, पण फोटो काढायला बसल्यासारखी ताठ. जिव्या नावाचा पाड्यावरचा एक मुलगा तर श्वासच रोखून धरायचा, इतका की सुलूला बाजूला व्हावं लागायचं.

त्यात पहिल्या वर्षी बालवाडी होती धर्मशाळेच्या खोलीत. एक दार, एक खिडकी, आणि ती खिडकीही इतकी उंच की तिच्यातून फक्त आभाळ यायचं. गावातली मुलं कशीबशी बसायची. पाड्यावरच्या मुलांना मात्र ती खोली सोसायची नाही. डोंगराच्या अंगाला राहणारी ही माणसं. पावसावर पिकेल तेवढं पिकवायचं, नाहीतर पोराबाळांसकट कामाला बाहेर पडायचं. घरालाही कुडाच्या भिंती, त्यातून वारा जाणार-येणार. त्या मुलांना दार लावलं की वाटायचं, आपल्याला कोंडलं. बुधी नावाची चिमुरडी दाराला नखं लावून रडायची. आठवड्याभरात पाड्यावरून एकही मूल येईना. आया म्हणाल्या, "शाला बरी हाय बाय, पन पोर कोंडून नाय ठेवायची."

मग आत्मारामकाका धावून आले. गावाच्या कडेला त्यांची वाडी होती. ते म्हणाले, "सुलू, माज्या आंब्याखाली बसव त्यांना. आंब्याला दार नाय."

आंबा रायवळ होता, जुना, आणि त्याचं खोड जमिनीलगतच असं काही वाकलेलं की चालता येणाऱ्या कुणालाही त्याच्यावर चढता यावं. एका आडव्या फांदीला काकांनी झोपाळा टांगला. बाजूनं रहाटाचा पाट गेला होता. पाड्यावरची मुलं परत आली. बुधीही आली. कुणाशी एक शब्द बोलायची नाही, पण आली. आणि एक दिवस झोपाळ्याचा दोर फांदीत अडकला म्हणून सुलू वर चढली, दोर सोडवला, आणि अंगात जुनी खोड असल्यामुळे दोन मिनिटं तिथंच टेकली.

खाली मुलं तिला विसरली.

आणि मग जे तिनं पाहिलं ते पाहून ती फांदीला मिठी मारून हसायला लागली! श्वास रोखणारा जिव्या रहाटाचा बैल झाला होता आणि दोघांना ओढत होता. लाडकी नावाच्या मुलीनं चिखलाचा अख्खा संसार मांडला होता आणि ती एका दगडाला जेवत नाही म्हणून रागावत होती. गावातला गुबगुबीत चिंतू पेंढ्याच्या उडवीत तोंड खुपसून कुणाला तरी हाका मारत होता. आणि बुधी, मुकी म्हणून जिची कीव यायची ती बुधी, पाटाच्या कडेला उकिडवी बसून पाण्याशी बोलत होती. नुसती बोलत नव्हती, भांडत होती. "अं, इकडं नाय, इकडं नाय, तुला सांगलं ना!" सुलूचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आता इथून खाली उतरायचंच नाही.

उतरली अर्थात. पण त्या दिवसापासून रोज खेळाच्या वेळी बाई झाडात जायला लागली. वरून सगळं दिसायचं. कुणाला आज बरं वाटत नाही, कोण कुणाला घाबरतं, कुणाला उद्या ओवायला मोठे मणी द्यायचे. खाली आली की ती त्याप्रमाणे करायची आणि मुलांना वाटायचं, बायला न सांगता कळतं.

हे असं झोकात चाललं असताना चैत्रात आत्मारामकाका बोईसरहून एक बातमी घेऊन आले. जिल्ह्याचे नवे साहेब सोमवारी बालवाडी तपासायला येणार होते. खंडेराव त्यांचं नाव, घाटावरचे. काका म्हणाले, "माणूस कडक हाय म्हणतात. पोरं वळीत बसलेली पायजेत. झाडाखाली गुरं बांधतात, शाळा भरवत नायत, असं म्हणाला म्हणे."

"मग?" सुलूनं विचारलं.

"मग काय! त्याला नाय पटलं तर परत धर्मशाळेत. खोली तयार ठेवा म्हणून सांगलंय बी."

परत ती खोली म्हणजे परत ते दार. पाड्यावरची मुलं दुसऱ्या दिवसापासून यायची नाहीत आणि बुधी पुन्हा गप्प होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सुलूनं ठरवलं, सोमवारी एक दिवस सोंग आणायचं. चटया अंथरायच्या, मुलांची डोकी तेल लावून चपचपीत करायची, ओळीत बसवायची, दोन गाणी म्हणायला लावायची. झाड म्हणून वर बघायचंसुद्धा नाही. साहेब गेले की परत आपलं राज्य. आणि सोमवारी एवढं कोंडायचं तर शनिवारी पोरांना पोटभर खेळू द्यावं, म्हणून शनिवारी तिनं सकाळपासूनच मोकळं सोडलं आणि स्वतः झाडात गेली.

साहेब शनिवारीच आले.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. महिन्यापूर्वी गावात देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, माणूस आला होता. खाकी कपडे, डोक्यावर सोला हॅट, काखेत काळी बॅग, आणि त्या बॅगेत टोचायची चक्री. दंडावर ठेवून गर्रकन फिरवायचा. सुलूनं आधी स्वतः टोचून घेतलं, मग एकेकाला मांडीवर घेऊन टोचवलं. रडारड झाली, ताप आले, खपल्या पडल्या, आणि झालं ते बऱ्यासाठीच झालं. पण तेव्हापासून पोरांच्या मनात खाकी, हॅट आणि काळी बॅग म्हणजे चक्री, हे पक्कं बसलं होतं. आणि साहेबांच्या अंगावर खाकी होती, डोक्यावर हॅट होती आणि काखेत, हो, काळी बॅग होती.

बांधावरून जिव्या किंचाळला, "चक्रीवाला आला रं!"

मग जी पळापळ झाली! चिंतू उडवीत घुसला तो पार दिसेनासा झाला. बाकीची सगळी पोरं वाकड्या खोडावरून मुंग्यांची रांग लागावी तशी सरसर वर, थेट बायकडे. दोन सुलूच्या मांडीवर, एक पाठीला, लाडकी गळ्यात, बुधी तिच्या पदरात तोंड खुपसून. सुलूनं पानांतून खाली पाहिलं आणि तिची पाचावर धारण बसली. टोचणारा नव्हे हा, तपासणारा! उतरावं तर हातापायाला पोरं चिकटलेली. आणि समजा उतरलीच, तर काष्टा मारलेली बाई साहेबांसमोर झाडावरून खाली येणार, म्हणजे तपासणी तिथंच आटोपली. तिनं विचार केला, कुणी नाही असं पाहून तो काकांच्या घराकडे चौकशीला जाईल. तेवढ्यात उतरू, चटया टाकू, पोरं बसवू.

साहेब गेले नाहीत. ते बोईसर स्टेशनापासून उन्हातून चालत आले होते आणि सावलीत त्यांना बरं वाटत होतं. बॅग ठेवली, हॅट काढून वारा घेतला. पन्नाशीचा, भरल्या अंगाचा, करड्या मिशांचा माणूस. "कुणी आहे का?" असं दोनदा ओरडले. झाड गप्प राहिलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून मोकळ्या जागेकडं पाहिलं, मातीच्या भांड्यांकडं पाहिलं, आणि मग पाटाकडं पाहिलं.

बुधीनं सकाळपासून पाटातून एक फाटा काढला होता. पळापळीत त्याचा काठ फुटला होता आणि पाणी भलतीकडंच चाललं होतं. साहेब क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी बुटाच्या टोकानं थोडी माती काठावर लोटली. ती वाहून गेली. साहेबांनी आजूबाजूला नजर टाकली, कुणी नाही अशी खात्री केली आणि खाली बसून हातानं चिखल थापला. तोही वाहून गेला. मग मात्र त्यांनी बूट काढले. मोजे काढले. पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडली.

वर सुलू डोळे विस्फारून बघत राहिली.

साहेबांनी दगड आणले, मध्ये चिखल भरला, बांध घातला. पाणी अडलं. "हां! आता कुठं जाशील?" ते पाण्याला म्हणाले. बुधीनं पदरातून तोंड बाहेर काढलं. पाणी तुंबून दुसऱ्या बाजूनं निघायला लागलं तशी साहेबांची तारांबळ उडाली. इकडून धाव, तिकडून धाव, मिशीला चिखल. शेवटी पाणी सरळ झालं, तेव्हा त्यांनी त्यावर काटक्यांचा पूल टाकला, एक आंब्याचं पान सोडलं, आणि ते पुलाखालून पार झाल्यावर चक्क टाळी वाजवली.

सुलूची भीती कुठल्या कुठं पळाली. बघायची सवय लागलेली बाई ती. तिच्या मनात आपोआप सुरू झालं, मूल रमलंय का? रमलंय. आपणहून करतंय? कुणी सांगितलं नाही त्याला. हसतंय? अहो, टाळ्या वाजवतंय! दुसऱ्या मुलाशी जमतंय का, एवढंच काय ते कळेना, कारण दुसरं मूल खाली नव्हतं. तिला असा काही आनंदाचा उमाळा आला की मांडीवरच्या दोघांना तिनं घट्ट आवळलं.

आणि साहेब झोपाळ्याकडं वळले.

झोपाळा सुलू आणि पोरं बसली होती त्याच फांदीला होता, हे साहेबांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते बसले तशी फांदी सगळ्यांना घेऊन खाली दबली. त्यांनी पायानं झोका घेतला तशी ती वर आली. पोरांनी तोंडं दाबली. साहेबांनी दुसरा झोका घेतला, तिसरा घेतला, मग पाय ताठ करून उंच. फांदी खाली, फांदी वर, पानं सळसळ, आणि वर सुलू आणि सगळी बालवाडी लाटेवरच्या होडीसारखी डुलायला लागली. सुलूला गरगरायला लागलं. पोटात गुदगुल्या, डोळ्यांपुढं हिरवं, कानाशी पोरांचे दाबलेले श्वास. साहेब खाली कसलंसं गाणं गुणगुणत होते. कैऱ्या टपाटप पडायला लागल्या, आणि एक नेमकी साहेबांच्या डोक्यात बसली.

पहिल्यांदा हसली ती बुधी. खळाळून, मोठ्यानं. मग काय, सगळ्या झाडालाच हसू फुटलं. साहेबांनी डोकं चोळत वर पाहिलं. त्यांना पाय दिसले. पायच पाय, उघडे, चिखलाचे, हलणारे, आणि त्यांच्यामध्ये दोन मोठी पावलं, एकातच चप्पल.

झोपाळा हळूहळू थांबला. मग जिव्यानं वरून विचारलं, "चक्री कुटं हाय?"

"कसली चक्री?" साहेब म्हणाले.

"बॅगेत हाय ती."

साहेबांनी बॅग उघडून उपडी केली. त्यातून जेवणाचा डबा, टॉवेल आणि काही कागद पडले. पोरांचा जीव भांड्यात पडला आणि ती भराभर खाली उतरली. मागून सुलू उतरली. काष्टा सोडायचंही तिला सुचलं नाही. एकीकडं काष्टा मारलेली शिक्षिका, दुसरीकडं पँट दुमडलेला चिखलानं माखलेला साहेब. कुणी कुणाला काय बोलायचं?

"बाई, तुम्ही वर काय करत होता?" शेवटी साहेबांनी विचारलं. आवाज कडक करायचा त्यांचा प्रयत्न होता, पण मिशीला चिखल असताना ते जमत नाही.

"बघत होते."

"काय बघत होता?"

सुलूला वाटलं, गेली नोकरी, गेलं झाड, आता खरं बोलायला हरकत नाही. ती म्हणाली, "रोज मुलांना बघते. आज तुम्हाला बघितलं. साहेब, मी खाली असते ना, तर तुम्ही पाटाला हातसुद्धा लावला नसता."

साहेब पाटाकडं बघत राहिले. पानं अजून त्यांच्या पुलाखालून जात होती. "नसता लावला," ते म्हणाले. मग घसा खाकरून, जरा ओशाळून, त्यांनी विचारलं, "वर मला जागा आहे का?"

आता घाटावरच्या भरदार माणसाला झाडावर चढवायचं म्हणजे काही खायचं काम नाही. सुलूनं वरून हात दिला, जिव्या आणि मंडळींनी खालून ढकललं, "जोर लगाके" असा बोईसरच्या हमालांकडून ऐकलेला आरडाओरडा केला, आणि साहेब एकदाचे पहिल्या बेचक्यात जाऊन बसले. सुलू त्यांच्या वरच्या फांदीवर. खाली पोरं थोडा वेळ माना वर करून बघत राहिली. मग बघायचा कंटाळा आला आणि ती विसरली.

तेवढ्यात साहेब आल्याचं कळून त्यांना शोधत आत्मारामकाका चहाची किटली घेऊन आले. खाली बूट, मोजे, हॅट, बॅग, पण माणूस नाही. ते घाबरलेच. "अरे, सायेब कुटं गेला?"

"सायेब झाडात गेला," लाडकी दगडाला भरवता भरवता म्हणाली.

काकांनी वर पाहिलं आणि किटली घेऊन तसेच खाली बसले.

वर साहेब पानं बाजूला सारून बघत होते. बुधी पाटाशी गेली होती. तिनं साहेबांचा बांध हातानं चाचपला, पुलाकडं डोकं वाकडं करून पाहिलं आणि एका फटक्यात तो मोडला.

"माझा पूल!" साहेब ओरडले.

"श्श!" सुलू म्हणाली. आपण कुणाला गप्प बसवलं हे ध्यानात येऊन तिनं जीभ चावली. पण साहेब खरंच गप्प झाले. बुधीनं जाड काटक्या आणल्या, दोन दगडांवर नीट बसवल्या आणि पाण्याला दटावलं, "आता जा. हळू जा. पोरं हायत वरती."

"ही बुधी. खोलीत दाराशी रडायची," सुलू हळू आवाजात म्हणाली. "धर्मशाळेत हिचा आवाज मी रडण्यापलीकडं कधी ऐकला नाही. परत तिथं नेलंत तर ही येणार नाही, साहेब. पाड्यावरचं एकही येणार नाही."

साहेबांनी पानं आणखी बाजूला सारून बुधीकडं नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "त्या खोलीत आत्मारामांचा पेंढा भरून ठेवा म्हणावं."

सुलूला एकदम इतकं हलकं वाटलं की तिनं दोन्ही हातांनी फांदी धरली, न जाणो, उडूनच जायची! खाली उडवी हलली, तिच्यातून चिंतू डोळे चोळत बाहेर आला आणि चक्रीवाला गेला का म्हणून विचारायला लागला. त्याला कुणी उत्तरच देईना.

साहेब उतरले, काकांचा गार झालेला चहा त्यांनी उभ्यानंच प्याला. जाण्याआधी त्यांनी कागदावर शेरा लिहिला आणि सुलूला मोठ्यानं वाचून दाखवला. "मुले एका जागी बसलेली आढळली नाहीत. सर्व मुले ठीक आहेत." मग बूट घातले, हॅट घातली, बॅग काखेत मारली आणि बांधावरून निघाले. लांबून बघणाऱ्याला ते पुन्हा अगदी साहेबच दिसायला लागले.

बुधी सुलूच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. "बाय," ती म्हणाली, "तो उद्या येल खेळाया?"

बुधीनं आपणहून तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. "नाही गं," सुलू म्हणाली. "त्याला हापिसात बसायचं असतं."

"खोलीत?"

"खोलीत."

"दार लावून?"

"हो, लावत असतील."

बुधीनं बांधाकडं पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला. मग तिनं खाली वाकून एक चांगली मोठी कैरी निवडली, परकराला पुसली आणि ती साहेबांच्या मागं धावत सुटली.